किष्किंधेची वही

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीतल्या आमच्या घरात शिरले, तेव्हा खालच्या कपाटातली जपून ठेवलेली पुस्तके गेली आणि माळ्यावर टाकून दिलेली रद्दी वाचली. पुराचा न्याय असाच असतो. त्या रद्दीचे काय करायचे हे ठरवायला आम्हाला पुढे काही वर्षे लागली. गेल्या पावसाळ्यात एकदाचा माळा उतरवला, तेव्हा जुन्या 'चांदोबां'च्या गठ्ठ्यात पुठ्ठ्याच्या बांधणीची एक दोनशे पानी वही सापडली. वर निळ्या शाईत लिहिले होते, 'किष्किंधेचा इतिहास, भाग पहिला'. अक्षर आमचेच, वय वर्षे अकरा, साल 1979.

भाग दुसरा कधी लिहिला गेला नाही. पहिलाही अठ्ठावन्नाव्या पानावर थांबला आहे. तो का थांबला हे आम्हाला पक्के आठवत होते. फक्त ते कधी कुणाला सांगितले नव्हते. आज सांगायचे आहे. पण मधे थोडा वळसा आहे, तो वाचकांनी सोसावा. लेखकाने स्वतःला 'आम्ही' म्हणण्याची जुनी मराठी रीत आम्ही येथे पाळत आहोत. ती आम्हाला इतकी सोयीची का वाटते, तेही या निमित्ताने निघेल.

आमचे आजोळ सातारा जिल्ह्यात, चाफळच्या खोऱ्यात, मांड नदीच्या काठी. उन्हाळ्याची सुट्टी लागली की सांगलीहून एसटीने कराड, तेथून उंब्रज, आणि मग चाफळ फाट्यावरून मिळेल त्या वाहनाने आत. एका वर्षाने धाकटा मामेभाऊ फाट्यावर वाट पाहत उभा असे. वहीतला इतिहास आम्ही दोघांनी मिळून रचला. दोघांनी म्हणजे, तो सांगे त्यातले आम्हाला पटेल ते आम्ही लिहीत असू. शहरातून आलेला, पुस्तके वाचलेला आणि वयाने मोठा, तेव्हा लेखणी आमच्या हाती असणे हे दोघांनाही स्वाभाविक वाटत होते.

या इतिहासाचा भूगोल मात्र अस्सल होता. समर्थ रामदासांनी 1645 ते 1654 या सुमारास कृष्णाखोऱ्यात आणि त्याच्या आसपास अकरा मारुती स्थापन केले. त्यांतले शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन असे सात आजच्या सातारा जिल्ह्यात, बहे आणि शिराळा हे दोन सांगली जिल्ह्यात, आणि मनपाडळे व पारगाव हे दोन कोल्हापूर जिल्ह्यात. आमच्या वहीत हे अकरा मारुती म्हणजे वानरांच्या अकरा घराण्यांचे मूळपुरुष. प्रत्येक घराण्याला एक एक विद्या. बह्याच्या वानरांना नदी थांबवता येत असे. (तिथली आख्यायिकाच तशी आहे. राम पूजेला बसला असताना कृष्णा चढली, तेव्हा मारुतीने बाहू पसरून प्रवाह दुभंगवला, म्हणून गावाचे नाव बहे.) शहापूरचा मारुती चुन्याचा, म्हणून तिथले वानर पांढरे आणि रात्री चमकणारे. माजगावला शिवेवरच्या ज्या धोंड्याला लोक आधीपासून मारुती मानत होते त्यावरच समर्थांनी मूर्ती घडवून घेतली असे सांगतात; म्हणून तिथले वानर दिवसा दगड होऊन पडत आणि अंधार पडला की उठत. चाफळच्या घराण्यात दोन शाखा होत्या, कारण चाफळला मारुतीच दोन. एक राममंदिरासमोर हात जोडून उभा असलेला दास मारुती, दुसरा मंदिरामागचा प्रताप मारुती. आमच्या इतिहासात या दोन शाखांचे हाडवैर होते. अकरा वर्षांच्या मुलाला हात जोडणारा आणि गदा उचलणारा हे एकच असू शकतात, हे कसे पटावे?

आज वही वाचताना तिच्यातल्या एका गोष्टीचे नवल वाटते. अठ्ठावन्न पानांत एकही वानर अंग खाजवत नाही. कुणी फांदी मोडत नाही, कुणी दुसऱ्याच्या हातचे ओढून घेत नाही, कुणी घाबरून दात विचकत नाही. सगळे 'हे सेनापते' अशा भाषेत बोलतात. या शुद्धतेचे मूळ आम्हाला ठाऊक आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही वानरसेनेत होतो. ज्या सांगलीत 5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' करून मराठी रंगभूमीचा पाया घातला, त्या सांगलीतल्या शाळेत रामायणाखेरीज दुसरे काय बसवणार? काथ्याच्या शेपट्या कंबरेला बांधून आम्ही वीस जण रांगेत उभे होतो. नाटक बसवणाऱ्या गुरुजींची सूचना एकच होती, की वानर म्हणजे सैनिक, कुणीही खाजवायचे नाही. काथ्या भयंकर टोचत होता. तरीही कुणी खाजवले नाही.

पुढे वाचन वाढले तेव्हा दिसले की कल्पित जगांत वानर सर्वत्र आहेत, आणि जवळजवळ सगळीकडे त्यांच्या अंगच्या सामर्थ्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती आहे. एल. फ्रँक बॉमच्या 1900 सालच्या ओझनगरीच्या गोष्टीत पंख असलेले वानर आहेत. ज्याच्या डोक्यावर सोन्याची टोपी, त्याच्या तीन आज्ञा त्यांना मानाव्या लागतात, मग तो माणूस दुष्ट असो की सुष्ट. सोळाव्या शतकातल्या चिनी 'शी यू जी'मधला सुन वुकोंग तर स्वर्गात धुमाकूळ घालून आलेला. पण त्याच्या कपाळावर एक कडे बसवलेले आहे. गुरूने मंत्र म्हटला की ते आवळते आणि हा महावीर जमिनीवर लोळू लागतो. या वुकोंगचे मूळ आपला हनुमान असावा, असे हू शी या विद्वानाने 1923 मध्ये सुचवले. लू शुनने ते न मानता चिनी दंतकथांतल्या एका वानररूपी जलदैत्याकडे बोट दाखवले. तो वाद अजून मिटलेला नाही, आणि आपल्याला तो मिटवायचाही नाही. हनुमानालाही असेच एक कडे आहे, एवढेच येथे नोंदवायचे. ऋषींच्या शापामुळे त्याला स्वतःच्या बळाचा विसर पडतो. जांबवानाने आठवण करून द्यावी तेव्हा कुठे तो समुद्रकाठी वाढू लागतो. टारझनच्या कथांचे तर विचारूच नका. 1912 पासून आफ्रिकेतल्या त्या कल्पित वानरांना स्वतःची भाषा मिळाली, पण राजा व्हायला एक गोरा मुलगाच लागला.

म्हणजे माणूस कल्पनेत वानराला उडण्याचे, रूप पालटण्याचे, डोंगर उचलण्याचे बळ हौसेने देतो. आणि ते दिल्यावर घाबरून लगेच एक टोपी, एक कडे, एक शाप शोधतो. हत्ती-घोड्यांच्या बाबतीत त्याला इतकी धास्ती वाटत नाही. वानराचे हात आपल्या हातांसारखे आहेत हेच खरे अवघड जागेचे दुखणे आहे.

शास्त्रज्ञही या चक्रातून सुटलेले नाहीत. आमच्या भागात माकड आणि वानर ही दोन निराळी जनावरे. महाबळेश्वरला पर्यटकांच्या हातातले कणीस पळवते ते माकड, डोक्यावर केसांची टोपी असलेले. काळ्या तोंडाचा, राखी अंगाचा, लांब शेपटीचा तो वानर, आणि टोळीचा धनी असलेला नर तो हुप्प्या. या वानराला 1797 मध्ये युरोपीय शास्त्रीय नाव मिळाले, त्यात 'एंटेलस' हा शब्द आला. एंटेलस हा व्हर्जिलच्या महाकाव्यातला म्हातारा मुष्टियोद्धा. मग वानरांच्या इतर जातींना प्रायम, हेक्टर, एजॅक्स अशी ट्रॉयच्या युद्धातली नावे देण्यात आली. नमुन्याला चिठ्ठी लावायला बसलेल्या माणसांनाही हा प्राणी महाकाव्याबाहेर ठेवता आला नाही, याची आम्हाला मोठी गंमत वाटते.

आता वाल्मीकीकडे येऊ. त्याच्याही वानरांना रूप पालटता येते, तेही देवांची मुले आहेत, तेही राज्य करतात आणि नीती बोलतात. पण तो गुरुजींसारखा नव्हता. त्याने खाजवायला बंदी केली नाही. सुंदरकांडाच्या अखेरीकडचे मधुवन आठवावे. सीतेचा शोध लागला या आनंदात अंगदाची टोळी सुग्रीवाच्या राखीव बागेत घुसते, मध पिऊन झिंगते, गाते, पडते, एकमेकांना ढकलते, झाडे उघडी करते. राखणदार दधिमुख आडवा येतो तर त्यालाच झोडपते. हा दधिमुख नात्याने सुग्रीवाचा मामा. तो रडत तक्रार घेऊन जातो, आणि सुग्रीव रागावण्याऐवजी खूश होतो. काम फत्ते झाल्यावाचून हे माझ्या बागेला हात लावणार नाहीत, असा त्याचा कयास. शेताची राखण करणारा मामा आणि त्याच्या पिकावर तुटून पडलेली टोळी हे दृश्य आम्ही आजोळी दर उन्हाळ्यात पाहत होतो. आमच्या मामांना मात्र असा आनंदी पुतण्या किंवा भाचा मिळाला नाही.

त्याहून खोल आहे ती वाली-सुग्रीवाची गोष्ट. 1960 च्या दशकात युकिमारु सुगियामा या जपानी संशोधकाने धारवाडजवळच्या रानात वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास केला. बाहेरचा नर जुन्या हुप्प्याला हाकलून टोळी ताब्यात घेतो आणि मग अंगावर पिणारी पिल्ले मारतो, असे त्याला दिसले. सारा हर्डी यांनी अबूच्या वानरांवर 1977 मध्ये लिहिलेल्या ग्रंथानंतर या प्रकाराची जगभर चर्चा झाली. हे वाचून आम्ही पुन्हा किष्किंधाकांड उघडले, तेव्हा एक जागा नव्याने दिसली. वाली कोसळल्यावर पळत सुटलेले वानर तारेला पहिली गोष्ट सांगतात ती अशी, की अंगदाला वाचव. मरता मरता वालीचा जीवही मुलातच अडकलेला. सुग्रीव त्याला मारत नाही, उलट पुढे तो युवराज होतो. पण भीती कुणाच्या मनात यावी आणि कशाची यावी हे कवीला नेमके ठाऊक आहे. वाल्मीकीने वानर पाहिले होते असे आमचे मत आहे. 'वानर' म्हणजे वनात राहणारी माणसांची एक जमात, शेपटी ही मागून चिकटवलेली, असे मांडणारे विद्वान आपल्याकडे बरेच झाले. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, पण शेपटी काढली की ही भीतीही निघून जाते.

आणि मग वालीचा प्रश्न. किष्किंधाकांडाच्या 17 व्या आणि 18 व्या सर्गांत बाण लागून पडलेला वाली आणि राम यांचा संवाद आहे. समोर न येता, मी दुसऱ्याशी लढत असताना मारलेस, हे वालीचे म्हणणे सर्वांना माहीत असते. पण तो आणखीही एक बोलतो. पाच नखांच्या प्राण्यांपैकी ज्यांचे मांस चालते असे पाचच, त्यांत वानर नाही. माझे कातडे कुणी वापरत नाही, केस आणि हाडेही टाकाऊ. मग मला मारून मिळवलेस काय? रामाचे उत्तर दोन पदरी आहे. पहिला पदर असा, की तू धाकट्या भावाची बायको घेतलीस, हा अधर्म आहे आणि राजाने त्याला दंड करायचा असतो. दुसरा असा, की तू शेवटी शाखामृग. माणसे जाळी लावून, फास टाकून, आडून मृगया करतातच, त्यात दोष कसला.

अपराध मोजताना वाली माणूस आणि मारण्याची रीत मोजताना जनावर. एकाच प्राण्याच्या नावे दोन खाती, आणि आपल्याला सोयीचे असेल ते उघडायचे. टीकाकारांनी या उत्तरावर शतकानुशतके लिहिले आहे, त्यात आम्ही नवी भर घालू शकत नाही. वाल्मीकीने हा प्रश्न गाळला नाही, वालीच्या तोंडी इतका बिनतोड ठेवला आणि उत्तराची शिवण झाकली नाही, याबद्दल आम्हाला त्याचे ऋण वाटते. आमच्या वहीत वालीवध चार ओळींत उरकला आहे. तोही समोरासमोर, गदायुद्धात.

वास्तविक हा प्रश्न आम्ही तेव्हाच ऐकलेला होता. आजी दुपारी 'रामविजय' वाची. श्रीधराची ती पोथी तिच्याजवळ लाल फडक्यात असे. वालीवधाचा अध्याय आला की तिचा स्वर उतरे. तो झाडाआडून का मारला, असे आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली होती, "देवाचं देवापाशी. आपुन मारू ने." आणि पान उलटले. आम्हाला ते उत्तर वाटलेच नाही.

त्याच वर्षीची, 1979 च्या मे महिन्यातली गोष्ट. मामांचे उन्हाळी भुईमुगाचे रान डोंगराच्या अंगाला होते. शेंगा भरत आल्या होत्या. सकाळी अकराच्या सुमारास टोळी उतरे. वानर वेल उपटतात, दोन शेंगा खातात, वेल टाकतात आणि पुढचा उपटतात. नुकसान खाण्यापेक्षा टाकण्याचे जास्त. मामा पत्र्याचा डबा बडवत, गोफणीने खडे भिरकावत; पण नेम वानरावर धरायचा नाही, जवळपास टाकायचा, हा घरचा दंडक. 'त्याला लागला न्हाई पायजे' हे आम्हा दोघांना दहादा बजावून झाले होते. शनिवारी ज्याला तेल वाहायचे त्यालाच सोमवारी दगड मारायचा नाही, एवढा हिशेब त्या घरात सरळ होता. रान धुऊन नेले तरी.

भावाची गलोल होती. दुपारी तो पाणी प्यायला विहिरीवर गेला तेव्हा ती बांधावरच राहिली. आम्ही आंब्याच्या बुंध्याआड बसलो होतो. हे 'आम्ही' म्हणजे एकच माणूस, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. पंधरा-वीस हातांवर एक मादी पाठमोरी बसून शेंगा सोलत होती. दंडक आठवत होता. मादी वळली आणि आम्ही खडा सोडला. तो तिला लागला नाही. तिच्या पोटाशी पिल्लू होते. वानरांची तान्ही पिल्ले राखी नसतात, काळपट असतात. आईच्या पोटाच्या सावलीत ते आम्हाला दिसलेच नव्हते, असे आम्ही पुढे पुष्कळ वर्षे स्वतःला सांगितले. ते खरेही असेल.

आवाज झाला नाही. पिल्लू गळून खाली पडले, तिने उचलले, पोटाशी धरले, ते पुन्हा घसरले. हुप्प्याने आरोळी दिली आणि टोळी आंब्यांवर चढली. तिने एका हाताने पिल्लू धरले होते, म्हणून ती सर्वांत शेवटी चढली.

पुढचे तीन दिवस टोळी रोज आली. ती मादीही आली. पिल्लू तिच्या हातात होते. बसली की ते शेजारी ठेवी, निघाली की एका पायाला धरून उचली. तिसऱ्या दिवशी मामांनी जवळून पाहिले आणि घरी येऊन विचारले, हे कुणी केले? आम्ही म्हणालो, "आमच्या हातनं झालं." अनेकवचनात. मामांनी गलोल कुणाची ते पाहिले, नेम कुणाचा चांगला ते त्यांना ठाऊकच होते, आणि बहिणीचा मुलगा पाहुणा म्हणून आलेला. त्यांनी भावाला गोठ्यात नेऊन कासऱ्याने मारले. तो ओरडला नाही आणि बोललाही नाही. आम्ही अंगणात, गोठ्याच्या भिंतीआड उभे होतो.

शनिवारी आजी तेलाची वाटी आणि रुईच्या पानांची माळ घेऊन निघाली. वाटी तिने आमच्या हाती दिली. भावाला घरी ठेवून आम्हालाच का नेले, हे तिने सांगितले नाही. देवळात तेल वाहून झाल्यावर म्हणाली, "पाया पड." आम्ही पडलो. शेंदराचे थर चढून त्या मूर्तीचे तोंड सपाट झालेले होते. डोळे तेवढे चांदीचे, मोठे. परत फिरताना ओढ्यापाशी ती थांबली, आणि आमच्याकडे न पाहता म्हणाली, "अंजनीच्या पोटाशी बी असंच काळं लेकरू आसंल." एवढेच. घरी आल्यावर तिने भावाच्या पाठीला हळद लावली. आम्ही वाटी विसळून जागेवर ठेवली.

त्यानंतर वहीत एक अक्षरही लिहिले गेले नाही. सांगलीला परतताना ती पिशवीच्या तळाशी होती. नंतरची सुट्टी आम्ही पोहण्याच्या शिबिराची सबब काढून सांगलीतच घालवली. आजोळी जाणे पुढे लग्नकार्यापुरते उरले. आजी गेली, मामा गेले. भाऊ शेतीतच राहिला. आम्ही मात्र पुढे रामायणावर लेख लिहिले, वालीवधावर एक व्याख्यानही दिले. रामाने आडून बाण का मारला यावर आम्ही पाऊण तास बोललो, आणि श्रोत्यांनी टाळ्याही वाजवल्या.

भावाने भुईमूग सोडून पंधरा वर्षे झाली. आता टोळी एक नाही, तीन आहेत. मका गेला, भाजीपाला गेला, शेवगाही ठेवत नाहीत. डब्याला ती भीत नाहीत, फटाक्यांना चार दिवस भितात. मारता येत नाही आणि मारायचेही नाही. गावाच्या शिवारात विजेच्या तारेला चिकटून एक हुप्प्या मेला, तेव्हा गावाने वर्गणी काढून त्याला वाजतगाजत मूठमाती दिली आणि तेराव्याला जेवण घातले. त्या वर्गणीत भावाचे पैसे होते, आणि त्याच आठवड्यात त्याचा मका साफ झाला होता. अखेर त्याने हळद लावली. हळदीला वानर तोंड लावत नाहीत. ती शिजवून, वाळवून, पॉलिश करून तो सांगलीला सौद्याला आणतो. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले गेले होते. या बाजारात येणाऱ्या हळदीपैकी निदान काही पोती वानरांनी लावायला लावलेली आहेत, हे मानांकनाच्या कागदावर नसेल.

यंदाच्या फाल्गुनात तो सौद्यासाठी आला आणि रात्री आमच्याकडे उतरला. जेवण झाल्यावर आम्ही वही त्याच्यापुढे ठेवली. चष्मा लावून तो सावकाश पाने उलटत होता, मधूनच हसत होता. मग आम्ही सांगितले. आंब्याच्या बुंध्याआड कोण होते, 'आमच्या हातनं' म्हणजे कुणाच्या, सगळे. सेहेचाळीस वर्षांहून अधिक काळ घशात ठेवलेले वाक्य चार-पाच मिनिटांत संपले.

"ठावं हाय की," तो म्हणाला. "म्या हिरीवर व्हतो. तितनं आंबा दिसतो."

मग तू मामांना सांगितले का नाहीस, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "तू पावना. आन् दादा, सांगून पिल्लू उठणार व्हतं का?" आणि पुन्हा वही चाळू लागला. आम्हाला त्याहून काही तरी हवे होते. राग, निदान एखादी शिवी. ते त्याच्याकडे नव्हते, किंवा असले तरी त्याने ते आम्हाला दिले नाही.

एकेचाळिसाव्या पानावर तो थांबला. ते पान त्याच्या अक्षरात आहे. सबंध वहीत तेवढे एकच. आम्ही एकदा आंघोळीला गेलो असताना त्याने ते लिहिले असावे. त्यावर राजे नाहीत, विद्या नाहीत. 'आमच्या रानातली वानरं' असे वर लिहून त्याखाली यादी आहे. हुप्प्या, कान फाटका. एक म्हातारी, बसूनच असते. तुटक्या शेपटीची, हिला पहिलं पिल्लू झालंय, काळं. दोन दांडगी, सारखी भांडतात. एक लंगडं, त्याला बाकीचे वाटेत थांबतात.

त्या सबंध पानावर आमच्या निळ्या शाईची तिरपी रेघ आहे, आणि समासात शेरा: 'यांच्याकडे काही जादू नाही. इतिहासात घेऊ नये.'

भावाने बोट रेघेवरून फिरवले. "हे का खोडलं व्हतंस?" त्याने विचारले. त्याच्या आवाजात त्या रात्री पहिल्यांदाच काही दुखल्यासारखे वाटले. आम्ही शेराच वाचून दाखवला, दुसरे उत्तर नव्हते. तो थोडा वेळ पानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, की तुटक्या शेपटीची पुढे पुष्कळ वर्षे येत होती, तिला नंतर आणखी तीन पिल्ले झाली, आणि लंगडे होते ते एका पावसाळ्यानंतर दिसले नाही. आम्ही पेन शोधून आणले. तो सांगत गेला आणि आम्ही रेघेच्या खाली, उरलेल्या जागेत लिहीत गेलो.